मी मिशनरी कधी झालो?

आई,

तुझ्या वर्गातल्या पोरांची पत्रं मिळाली. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या पोरांना तू अजून चर्चच्या तळघरात इतिहास आणि लेखन शिकवतेस, हे वाचून बरं वाटलं. पण मी मिशनरी कधी झालो गं? जो तो विचारतोय, आजवर किती जणांना येशूकडे आणलंत?

फोनवर तुला म्हटलं, "आई, मी बागेत सफरचंदं तोडतो."

"तोडताना लोकांशी देवाबद्दल बोलतोस ना? मग झालं!"

"ते माझ्यापेक्षा जास्त प्रार्थना करतात."

"अमॉस, शब्दांत पकडू नकोस. वर्गात काय सांगू, पोरगा भटकतोय? शुक्रवारी वाचून दाखवायला पानभर लिहून पाठव."

लिहायला बसलो. तेवढ्यात मुकादमाचं कुत्रं आलं. त्याला पाव घातला, ते लंगडतं बिचारं... असो. दमलोय, आई. खोटं लिहायलाही अंगात जोर लागतो.

तुझ्या वर्गातल्या केझायाने वेगळंच विचारलंय. "माझा भाऊपण मिशनवर गेलाय म्हणतात, पण घरात त्याचं नाव काढलेलं चालत नाही. तुम्ही खरंच मिशनवर आहात का?"

तू मागितलेलं पान तुला पाठवणार नाही. तू लाल शाईने दुरुस्त करशील. केझायाला मात्र 'नाही' असं थेट उत्तर लिहून टाकलंय. शुक्रवारी ती ते उभी राहून वाचेल. हवं तर तिला खाली बसव, पण गप्प बसवू नकोस.

तुझाच,
अमॉस