मुख्यालय सापडत नाही

प्रिय मेहुणेबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं क्षेम आहे असं सुरुवातीला लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर क्षेमाचं काही सांगता येत नाही, रक्तदाब तेवढा ठीक आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? उगाच जिने चढू नका. सौभाग्यवतींना नमस्कार सांगा. (त्यांनी पाठवलेला मफलर मी रोज वापरतो, म्हणजे खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवला आहे, कण्याला बरा पडतो.) पत्रास कारण की, घरातला प्रिंटर. हसू नका. तुमची ताई गेल्यापासून या घरात मी ज्या एका गोष्टीशी झुंजतो आहे ती ही.

तुम्हाला आठवत असेल, ही सगळी जोडणी तुमचीच कृपा. तुम्ही राहायला आला होतात, तुम्हाला स्वस्थ बसवत नव्हतं, म्हणून तुम्ही तिच्या खोलीतला संगणक आणि माझ्या खोलीतला संगणक यांची सोयरीक जुळवून दिलीत. प्रिंटर तिच्या टेबलावर ठेवलात आणि दोन्ही संगणकांना नावं काय द्यायची म्हणून विचारलंत. ती कोणा विद्यार्थ्याचा प्रबंध टाइप करत होती. मानही वर न करता म्हणाली, माझं मुख्यालय, यांची शाखा. पाणीपुरवठा खात्यात उभी हयात काढली, मुख्यालयात बदली व्हावी म्हणून साहेबांच्या पायऱ्या झिजवल्या, आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या घरात पुन्हा शाखेतच नेमणूक! वर सामायिक फोल्डरात मला परवानगी कसली, तर फक्त वाचण्याची. उघडून बघा, हात लावू नका. (लग्नातही हीच अट होती, पण तेव्हा ती कोणी पडद्यावर दाखवली नव्हती.)

पण तुम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट पुढेच आहे. तिला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, आणि टेबल असं होतं की दाराकडे डावा कान. मी इकडून हाका मारून घसा बसवायचो, तिकडे पत्ता नाही. शेवटी एकदा वैतागून मी अर्ज टाइप केला आणि छापायला पाठवला. मा. मुख्यालय, विषय : शाखेस चहा मिळणेबाबत. तो थेट तिच्या कोपराशी बाहेर पडला. उत्तर सामायिक फोल्डरात आलं, कारण मला तिथे वाचण्यापुरती परवानगी होतीच : अर्ज नामंजूर, शाखेची साखर वाढलेली आहे. झालं, तेव्हापासून आमचा संसार असाच चालला. चष्मा कुठे ठेवलास, भाजी कोणती आणू, रुसवे, समजुती, सगळं कार्यालयीन मार्गाने. एका भिंतीच्या अंतरावर बसून आम्ही रीमच्या रीम कागद उडवले. शेजारच्या निवृत्त मास्तरांना हे कळलं तेव्हा ते आमच्याकडे जरा सांभाळूनच बघू लागले.

ती गेली. त्याबद्दल तुम्हाला वेगळं काय लिहू, तुम्ही खांदा दिलात. बाबांना एकटं ठेवायला नको म्हणून चिरंजीव आणि सूनबाई इकडे राहायला आले, आणि येताना इंटरनेटचं नवं यंत्र घेऊन आले. जुनं यंत्र माळ्यावर गेलं, नवं भिंतीवर चढलं, आणि त्याच दुपारी माझ्या पडद्यावर पाटी आली : मुख्यालय सापडत नाही. नाव बरोबर आहे ना ते तपासा.

आता मी घाबरायला नको होतं, पण घाबरलो. तिच्या खोलीत जाऊन पाहिलं तर टेबलाखालचा संगणकाचा डबा घरघरत होता, दिवा हिरवा होता. (तो मी बंद केलेलाच नाही. ती शेवटच्या दिवशी दवाखान्यात जाताना चालू ठेवून गेली, येऊन प्रबंध पुरा करते म्हणाली.) चिरंजिवांना ऑफिसात फोन केला. ते म्हणाले, सगळं बंद करून परत चालू करा. मी तिचा डबा सोडून सगळं बंद केलं. सगळं म्हणजे फ्रिजसुद्धा, दूध नासलं. मग कोपऱ्यावरचा संगणक दुरुस्त करणारा बोलावला. त्याने फायरवॉल नावाची भानगड काढली, शेअरिंग चालू केलं, बंद केलं, केबल हुंगल्यासारखी जवळून बघितली आणि निदान केलं की जुना डबा पुसून कोरा करावा लागेल. त्याला मी चहाही न विचारता दारापर्यंत पोचवला. तुमची ताई असती तर मला चार शब्द सुनावले असते. या सगळ्या काळात मी रागाच्या भरात छापण्याचं बटण दाबतच होतो. दाबलं की काही होत नाही, म्हणून पुन्हा दाबायचं. म्हाताऱ्या माणसाला तेवढाच व्यायाम.

आणि मग दोष सापडला. पडद्याच्या कोपऱ्यात मी कुठल्या नेटवर्कवर आहे त्याचं नाव असतं, ते मी भिंग घेऊन वाचलं. तिथे लिहिलं होतं, पाहुणे. नव्या यंत्रावर दोन नेटवर्क निघतात म्हणे, एक घरच्यांचं, एक पाहुण्यांचं, आणि पाहुण्याला घरातली कुठलीही वस्तू दिसत नाही अशी त्याची व्यवस्था असते. चिरंजिवांनी तिचा डबा घरच्यांत घेतला आणि मला पाहुण्यांत टाकलं. विचारलं तर म्हणतात, बाबा, तुम्ही काहीही दाबता, म्हणून जरा बाजूला ठेवलं. गेलेली बाई घरची, आणि मी जिवंत माणूस पाहुणा! पासवर्ड मागून घेतला आणि माझा मीच घरच्यांत आलो.

त्याबरोबर पडद्यावर मुख्यालय हे नाव उगवलं. मेहुणेबुवा, खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. आणि तेवढ्यात पलीकडच्या खोलीत प्रिंटर सुरू झाला. मी जे जे बटण दाबलं होतं ते सगळं रांगेत अडकून बसलं होतं, ते एकामागून एक बाहेर पडू लागलं. शाखेस चहा मिळणेबाबत. शाखेस चहा मिळणेबाबत. मी तिच्या टेबलाशी उभा राहून ते कागद गोळा करत होतो आणि खुर्ची रिकामी होती. कागद संपले तेव्हा थांबलं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. साखर घातली नाही.

आता खरा प्रश्न. चिरंजिवांनी नवा प्रिंटर आणला आहे, वायरीशिवाय चालणारा, तो त्यांच्या खोलीत आहे. तुमच्या ताईच्या खोलीत त्यांचं ऑफिस होणार आहे आणि रविवारी तो जुना डबा भंगारवाल्याकडे जाणार आहे. त्यातल्या फायली त्यांनी माझ्याच खोलीत बसून माझ्या संगणकात उतरवून दिल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला फायली नको आहेत हो. पडद्यावर ते एक नाव दिसतं, तेवढं हवं आहे. हे मी कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून मी सांगतो आहे की नव्या प्रिंटरवर माझं काही छापलं जात नाही, जुन्या डब्याशिवाय शाखा बंद पडेल. कळावे, लोभ आहेच, तो गुडघ्यासकट सांभाळावा.

तुमचा,
शाखाप्रमुख

ता. क. : रविवारच्या आत चिरंजिवांना फोन करा. तांत्रिक शब्द भरपूर वापरा. तो डबा काढला तर घरातलं सगळं नेटवर्क कोसळेल असं ठासून सांगा. संगणकातलं मामाला कळतं, बापाला नाही, अशी त्यांची ठाम समजूत आहे, ती एकदा तरी माझ्या उपयोगी पडू दे.

ता. क. २ : हे पत्र छापील आहे हे तुमच्या नजरेतून सुटणार नाही. नवा प्रिंटर उत्तम चालतो. विचारलंच तर पत्र हाताने लिहिलेलं आलं म्हणून सांगा.

ता. क. ३ : एवढं मात्र खरोखर हाताने लिहितो आहे, अक्षराची क्षमा करा. नवा प्रिंटर कुणाच्या खोलीत आहे हे वर मीच लिहिलं आणि छापताना मीच विसरलो. पत्र सूनबाईच्या पुढ्यात बाहेर पडलं. ती ते पानं लावून, टाचणी मारून घेऊन आली. डोळे लाल होते. म्हणाली, बाबा, खोली नुसतं निमित्त आहे. भिंतीपलीकडून त्या डब्याची घरघर आली की यांना वाटतं आई कामाला बसल्यात. परवा हे दारापर्यंत जाऊन आले. आत जाववलं नाही यांना.

इतके दिवस मी समजत होतो की तो आवाज मला एकट्यालाच ऐकू येतो.

तेव्हा फोन करू नका. मी आत्ताच तिच्या खोलीत जाऊन डबा बंद करून आलो. तुम्ही शिकवलंत तसा रीतसर, बटण दाबून धरून नव्हे. परत आलो तर माझ्या पडद्यावर पाटी होती, मुख्यालय सापडत नाही, नाव बरोबर आहे ना ते तपासा.

तपासलं. बरोबर आहे.