माळकऱ्याच्या हाती गळ

कळंब,
८ जानेवारी १९९७

श्री. रा. रा. गेणभाऊ साडूभाऊ यांस,
चिमाजीचा रामकृष्ण हरी, वि. वि.

इकडं सगळी बरी हायेत, एक हर्षाली सोडून. पहिलं बाळंतपण म्हणून पोर माहेरी आणली. सहावा सरत आला तरी पोटात अन्न ठरत न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी हाय, बाळाची वाढ खुंटंल. सासरी तिला माशाची सवय लागलेली, डोहाळे लागले तेही मरळीचे. मंचरच्या बाजारातला बर्फातला मासा आणवला, तर वासानंच उलटली. पाण्यातनं काढून सरळ चुलीवर गेलेला पाहिजे.

माझ्या गळ्यात माळ, तुम्हाला ठाऊकच हाय. पण दुसऱ्याला मारायला लावायचं आणि पाप त्याच्या माथी मारायचं, हे मला पटत न्हाई. तवा नदीवर मीच जाणार. तुमची गळाची काठी आणि आमिष म्हणून लावायचा तो पुण्याहून आणलेला प्लास्टिकचा मासा तुमच्या पप्पूबरोबर धाडा. गांडूळ मात्र मी टोचणार न्हाई. मासा भुकेनं येतो, त्याची मर्जी. गांडूळ बिचारं शेणखतात गप पडलेलं, त्याला कशाला ओढायचं?

हर्षालीला यातलं कळू देऊ नका. मासा तुमच्या येडगावहून आला, असंच मी सांगणार. आमची साळुबाई बहिणीची, बायडाबाईची, आठवण काढती.

आजवर जीव लावलात तसाच लावा.
आपला,
चिमाजी


येडगाव,
१३ जानेवारी १९९७

चिमाजीराव पावणं यांसी,
गेणभाऊचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून बायडाबाईनं डोळ्याला पदर लावला, आन् मी पोट धरून हासलो. माफ करा राव. आमच्या ताटातला रस्सा बघून तोंड फिरवणारा माणूस गळ मागतोय म्हणल्यावर काय करू?

सामान पप्पूकडं देतोय. बंधाऱ्याच्या फुगवट्याला लव्हाळ्याच्या कडंनं मरळ बसती. मासा टाकायचा, जरा बुडू द्यायचा, मग थांबत थांबत ओढायचा. जखमी पिल्लू पळतंय असं वाटलं पायजे. घाई केली की गेलं.

पण थंडीच्या पाण्यात मरळ लई सुस्त. नुसत्या रंगाला ती भुलंल असं मला वाटत न्हाई. त्या माशाच्या आकड्याला गांडूळ लावाच. तुमी ऐकणार न्हाई, म्हाईत हाय.

पोरीची खबर लगोलग कळवा, इकडं घास गोड लागत न्हाई.
तुमचा,
गेणभाऊ


कळंब,
२२ जानेवारी १९९७

श्री. गेणभाऊ यांस,
चिमाजीचा रामकृष्ण हरी, वि. वि.

तुमचा प्लास्टिकचा मासा बाभळीत अडकला, लव्हाळ्यात अडकला, माझ्या धोतरात अडकला. मरळीनं ढुंकून पाहिलं न्हाई. त्यात आमच्या भजनाचे रखमाजीबुवा काठावरनं चालले होते. काय शोधता म्हणाले, तर पाण्याच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह पडलाय म्हणून सांगितलं. या वयात खोटं बोललो.

परवा हर्षाली अंगणात भोवळ येऊन पडली. सावरली आता, पण मला राहवलं न्हाई. माळ उतरवून देवापुढं ठेवली. मग शेणखताकडं गेलो. चांगली जाडजूड चार गांडुळं आकड्यांना लावली, तर तुमचा मासा पोहायचंच विसरला, कुशीवर कलंडून वर येतोय. माझं काय चुकतंय ते लवकर लिहा.

राग न धरता शिकवा.
आपला,
चिमाजी


येडगाव,
२६ जानेवारी १९९७

चिमाजीराव यांसी,
गेणभाऊचा सा. न. वि. वि.

माळ उतरवली हे वाचून ह्यावेळी हासू आलं न्हाई. हितनं मासे धाडू का, असं इचारणार व्हतो. पण हे काम तुमचंच हाय.

तुमी आकड्याला पंगत वाढली राव. एकच गांडूळ, तेबी बारीक, मागच्या आकड्याला, शेपूट मोकळं वळवळत सोडून. वजन झालं की प्लास्टिकचा मासा कलंडणारच. मरळ लांबनं त्याची चमक बघून येती, आन् जवळ आली की गांडुळाच्या वासानं तोंड उघडती. दोघांची जोडी जमली पायजे. धीर सोडू नका.

तुमच्या खबरीकडं डोळे लावून बसलेला,
गेणभाऊ


कळंब,
१२ मे १९९७

ती. गेणभाऊ काका व बायडामावशी यांस,
हर्षालीचा शि. सा. न.

मावशीचा पाय मुरगळल्यामुळं तुम्हाला बारशाला येता आलं नाही, म्हणून सगळं लिहिते. मुलगी गुबगुबीत आहे. नाव संस्कृती ठेवलं.

काका, मासे तुमचे नव्हते हे मला पहिल्याच दिवशी कळलं. येडगावहून आला म्हणून आण्णांनी डबा पुढं केला, तर त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, बोटाला चिंधी आणि गळा मोकळा. आईनं गोठ्यात वेगळी चूल मांडून, नाकाला पदर लावून रस्सा केला. मी वाटीभर भात खाल्ला आणि तो पोटात राहिला. आण्णा भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होते. मग मीही काही बोलले नाही. तुमच्या नावाचा डबा येतच राहिला.

बारशाला रखमाजीबुवांनी सगळ्यांदेखत माळ कुठं गेली म्हणून विचारलं. पोरीसाठी मासे धरतो, असं आण्णांनी सरळ सांगितलं. मला रडू फुटलं. मी देवघरातून माळ आणून त्यांच्या गळ्यात घालायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, नात अंगावर पिती तोवर राहू दे देवापाशी, नदीला अजून पाणी हाय.

रखमाजीबुवांनी माळ माझ्या हातातून घेतली, कपाळाला लावली आणि परत देवापुढं ठेवली. आण्णांना म्हणाले, तोवर भजनाला तसेच या. आणि तो फूटव्हॉल्व्ह सापडला का, तेही विचारून गेले.

प्लास्टिकचा मासा परत मिळायची आशा सोडा, काका. तुमची माया तेवढी असू द्या.
तुमचीच,
हर्षाली