कोचच्या बुटाची लेस

शनिवार, गार्चिंग, जर्मनी

आमच्या इराचा विद्यापीठ संघ आज इंगोलश्टाटला जाऊन हरला. परतीच्या ट्रेनमध्ये बापलेकांचा बास्केटबॉलवरून वाद. हे म्हणाले, "कोचने इराला फार उशिरा उतरवलं." नील म्हणाला, "नाइन, नाही बाबा, परक्या हॉलमध्ये जिंकणं अवघडच."

दोघंही चूक. कोचच्या बुटाची लेस सुटलेली होती. पहिल्या मिनिटापासून! ज्याला स्वतःची लेस दिसत नाही, त्याला समोरच्यांचा बचाव काय दिसणार? शेवटी टाइमआउटमध्ये मी खाली उतरले आणि त्याला ती बांधायला लावली. हॉल हसला, इराने तोंड फिरवलं.

आता म्हणते, "आई, पुढच्या बाहेरगावच्या मॅचला तू घरीच थांब."

थांबते. पण लेस बांधताच आपले ओळीने तीन बास्केट झाले, त्याचं काय?