लोंबती टोकं

मुलुंड, १९८४

वसू,

ग्राफपेपरच्या चौकटी मोजत तुझ्या बाळासाठी क्रोशानं दुपटं विणलंय, मधोमध हिरवा पोपट. रंग बदलला की मागे लोकरीचं टोक सुटतं, ते सुईनं आत ओवायचं. मी मुद्दाम ओवलं नाही. बाळ यायच्या आधी त्याचं काही पुरं करू नये.

तुझ्या लग्नापासून तुझे वडील, अण्णा, तुझं नाव काढत नाहीत. बाळंतपणालाही तुला माहेरी आणू दिलं नाही. आज त्यांनीच दुपटं उलटून बघितलं.

"टोकं लोंबतायत."

"बाळ आलं की ओवीन."

ते खिडकीकडे वळले. "मग ओव आता."

मुलगा की मुलगी गं? विचारायला माझी जीभच रेटेना. तुझा पत्ताही त्यांनाच ठाऊक असणार.

तुझी आई,
आणि कुणाची तरी आजी