थंडीत खार काय खाते

दम्माम, सौदी अरेबिया, फेब्रुवारी १९९१. मंगळवार, संध्याकाळ.

शाळा बंद, म्हणून नेहाचा दहावीचा अभ्यास मीच घेते. आज बिळात राहणाऱ्या खारीचा धडा. उन्हाळाभर खाऊन ती लठ्ठ होते, मग थंडीत उपाशी झोपते. अंग गार पडते, हृदयाचे ठोके मिनिटाला जेमतेम पाच. उठते तेव्हा वजन जवळजवळ निम्मे.

इराकी क्षेपणास्त्रांचा पहिला सायरन झाल्यापासून नेहा दोन घासांवर उठते. दुपारीही दोनच घास. मी खडसावले, “खारीने आधी साठवलेलं असतं. तू काय साठवलंयस?”

नेहा तिच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाली, “आई, खार डरती नहीं, सो जाती है। मुझे तो नींद भी नहीं आती।”

तिला मुंबईला पाठवावे, तर ह्यांची हॉस्पिटलातली रजा रद्द आणि तिघांचे पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे. मग मी काय केले? पोळी संपवायचा हुकूम सोडला. तिने माझ्या धाकाने खाल्ली आणि सगळी ओकून टाकली. का केले मी असे?

आत्ताच सायरन झाला. तिच्या गॅस-मास्कचा पट्टा मी आवळायला घेतला. शेवटच्या खाचेपर्यंत ओढला, तरी गालापाशी बोट आत जात होते. तिथे मी तळहात दाबून धरला.