अर्धी रोवणी

१२ जाने., सोम.
कादंबरीचं शेवटचं प्रूफ आलं. पुढच्या सोमवारी परत द्यायचं, मग छपाई. चौथं पुस्तक. यात एक शब्द हलवायला जागा नाही, हे माझंच मत, पण खरं आहे. गोष्ट कुही गावच्या माझ्या आत्याची. भर रोवणीत, म्हणजे भातलावणीत, हातातली धानाची रोपं बांधावर फेकून, चिखलाच्या पायांनी सासर सोडून निघते. संपादक म्हणतात, पुस्तकाचा जीव त्या पानात. मुखपृष्ठावरही तेच पाय.

१४, बुध.
एम.ए.च्या वर्गात ते पान वाचलं. शेवटच्या बाकावरचेही मोबाइल खाली. छाती फुगली. का फुगू नये?

१७, शनि.
कुहीला. छपाईआधी आत्याला वाचून दाखवायचं, हा नेम. तिला वाचता येत नाही, कान मात्र तिखट. लाखोळीची भाजी निवडत ऐकत होती. त्या पानावर हात थांबला.
"अर्धी रोवणी टाकून काहून गेली गा ते?"
"राग आला म्हणून. तूच सांगितलंस."
"राग आल्ता सांगतलं. रोवणी टाकली, असं कधी सांगतलं? धानानं काय बिघडवलं होतं माह्यं? उपटलेले पऱ्हे लावल्याबिगर सुकून मेले असते. चार दिवस रोवणी केली, आटपली. मंग पाय धुतले, धुतलेलं लुगडं नेसली, पोटभर जेवली. मंग निघाली."
मी शहरात, जरीपटका वस्तीत वाढलेला. शेती पाहिली ती बांधावरून. परतताना बसमध्ये चिडून बसलो होतो. तिच्यावर नाही.

१८, रवि.
सकाळभर चडफड. एवढं जमलेलं पान! मग हळूहळू आत्या दिसायला लागली: चार दिवस वाकून रोपं लावतेय, मनात जायचं ठरलेलं, शेजारच्या बाईलाही पत्ता नाही. माझ्या पानातला राग त्यापुढे पोरकट. दुपारी नव्यानं लिहिलं. आधीपेक्षा चांगलं झालंय. हे मला कळतं.

१९, सोम.
संपादकांचा फोन. "सर, मुखपृष्ठ छापून झालं. पाय चिखलाचेच आहेत. जुनंच पान ठेवू या ना." म्हटलं, संध्याकाळपर्यंत सांगतो.
आत्याला फोन लावला. सगळं ऐकून म्हणाली, "छाप ना मंग. तुह्यं पुस्तक हाय." मग फोन ठेवता ठेवता, "पण चिखलाच्या पायानं मी कोणाच्या दारात उभी राहिली असती गा?"
नवं पान पाठवलं. सोबत एक ओळ: हे नसेल तर पुस्तकच नको.
सहा वाजून गेले. अजून उत्तर नाही.