तुसाचा तांबडा धूर

१८ नोव्हेंबर
आले बाई एकदाची मुरबाडला! खर्डीच्या घरात रोज तेच, लग्न कधी, लग्न कधी. आता मी सुपरवायझर, विचारा म्हणावं! शेड गावाबाहेर आहे. पितळी नळ नायट्रिक ॲसिडच्या टाकीत बुडवायचे, काळपटपणा जाऊन लखलखीत निघतात. हाताखाली सहा बायका आणि कमळू. ठाकरवाडीतला, पन्नाशीचा, अकरा वर्षं ॲसिडवर काढलेली. खोलीच्या खिडकीतून कापलेली भातशेतं दिसतात. झकास.

२० नोव्हेंबर
मी डबा उघडला की बायका उठून बाहेर जातात. कालची पोर हुकूम सोडते म्हणे. सोडणारच! मालकाचा माणूस देवराम म्हणाला, आठवडा टिकलीस तरी पुष्कळ. मेल्या, बघच तू.

२२ नोव्हेंबर
सकाळी अकराला ॲसिडचा कॅन फुटला. फरशीभर. कमळू नळी आणायला धावला, पानी मारू ताय, लय पानी. मी म्हटलं, पाण्यानं सगळीकडे पसरेल, नळ सुकवायला ठेवलेलं तूस टाक. खर्डीला आमच्या भातगिरणीत तेल सांडो, काहीही सांडो, वर तूसच टाकतात. माझा जन्म त्यात गेला. तो नाय नाय करत राहिला. मी सगळ्यांसमोर ओरडले, इथे सुपरवायझर कोण? त्यानं दोन पोती ओतली.
तूस फसफसलं आणि तांबडा धूर उठला. विटेच्या रंगाचा, जड, जमिनीलगत सरकणारा. बायका दाराशी होत्या, त्या आधीच पळाल्या; आम्ही दोघं खोकत बाहेर पडलो. तासाभरात बरं वाटलं. कमळू चहा प्यायला, हसला, सायकलवर घरी गेला. उगाच घाबरले.

२३ नोव्हेंबर
कमळू गेला. पहाटे, अंगणात. तोंडाला गुलाबी फेस.
देवराम सांगत सुटलाय, प्यायलेला होता, आपल्या मनानंच तूस टाकलं. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मी गप्प बसले. लाज वाटते, पण गप्प बसले.
स्टोअरच्या दारामागे ॲसिडचा माहितीकागद चिकटवलाय, तो आज वाचला. ॲसिडवर तूस-भुसा पडला की निघणारा तांबडा धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. घशाला फार झोंबत नाही, म्हणून माणूस खोलवर ओढून घेतो. मग तासन्‌तास ठणठणीत असतो, कधी दीड-दोन दिवस. नंतर फुप्फुसात पाणी भरतं.
मी ठणठणीत आहे.

२३, दुपार
दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, कसला धूरबिर लागला का? सर्दी आहे म्हटलं. धूर सांगितला असता तर तूस कुणी टाकायला लावलं तेही निघालं असतं. खोकल्याची बाटली दिली.

२३, संध्याकाळ
जिना चढले नि धाप लागली. चार पायऱ्या! नखं निळी. आडवं होता येत नाही, आडवी झाले की छातीत बुडबुड —
सर्दीच असेल. देवा, सर्दीच असू दे.

२४ नोव्हेंबर
बायकांनीच रिक्षात घातलं. त्याच बायकांनी. सोबत लहानी, कमळूची बायको. दवाखान्याच्या बाकावर बसवलंय. डॉक्टर आत.
लहानी एकच विचारते — माझ्या मानसानं खरंच आपल्या मनानं टाकलं का गो?
बोलवत नाही. लिहिते. नाही, लहानी. तो नको म्हणत होता. मी — मीच —
वही तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत नाही. अक्षरांवर बोट ठेवून विचारते, काय लिवलंस गो?
फेस आला — गुलाबी —
डॉक्टर, सर्दी नव्हती. तांबडा धू